पहिली ट्रायथलॉन, शेवटून सातवा नंबर आणि पोहण्याचा कोच

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. पहिलीच स्प्रिंट ट्रायथलॉन, 750 मीटर पोहणं, 20 किमी सायकल, 5 किमी धावणं. तळ्यात शिरल्यावर दोन-तीन मिनिटांत श्वास कोंडला, फ्रीस्टाइल सोडून ब्रेस्टस्ट्रोकवर आलात, दोनदा कयाक (मदतीला ठेवलेली छोटी होडी) धरून थांबलात. सायकल तुमच्या मते झकास झाली. धावताना पाय गेले आणि बरंचसं अंतर चालत काढलंत. एकूण 1 तास 57 मिनिटं, शेवटून सातवे. आता विचारताय की पोहणं कच्चं आहे, मग तीन महिने कोच लावून रोज पोहू का, आणि पुढची रेस डायरेक्ट ऑलिंपिक अंतराची, म्हणजे याच्या दुप्पट, करू का.

कोच लावायला माझी ना नाही, लावा खुशाल, पण तुमचे आकडे बघितले तर ही आग रामेश्वरी अन बंब सोमेश्वरी अशी गत होणारे. मी बारा वर्षं या रेस करतेय, गेली सहा-सात वर्षं नवशिक्यांना तयारीही करून देते (स्वतः पोडियमवर कधी उभी राहिलेली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं), आणि पहिल्या रेसनंतर दहातले सातजण हेच म्हणतात की माझं पोहणं खराब आहे. कारण भीती तिथं वाटलेली असते. भीती लक्षात राहते, वेळ कुठं गेला ते लक्षात राहत नाही.

बरं झालं तुम्ही घड्याळातले सगळे आकडे दिलेत. पोहणं 24 मिनिटं, पहिली ट्रान्झिशन (एक प्रकार संपवून कपडे-बूट बदलून दुसऱ्याला निघायचा वेळ) 6, सायकल 40, दुसरी ट्रान्झिशन 4, धावणं 43. आता याच्या शेजारी तुमचे रोजचे आकडे ठेवा. पूलमध्ये तुम्ही 100 मीटरला 2 मिनिटं 20 सेकंद घेता, म्हणजे 750 मीटर साडेसतरा मिनिटांत व्हायला हवं होतं. सायकल तुम्ही एरवी ताशी 26 ने चालवता, म्हणजे 20 किमीला 46 मिनिटं. 5 किमी तुम्ही 28 मिनिटांत पळता. तर पोहण्यात साडेसहा मिनिटं जास्त गेली, सायकलवर 6 मिनिटं कमावलीत आणि धावताना 15 घालवलीत. सगळ्यात मोठं भगदाड कुठंय ते बघा, आणि त्याच्या अगदी आधी काय झालं तेही बघा.

आधी पोहणं घेऊ, कारण तुमचा जीव तिथंच अडकलाय.

तुमच्या घड्याळाने पोहण्याचं अंतर 890 मीटर दाखवलंय. मनगट पाण्याखाली गेलं की जीपीएस गंडतं, त्यामुळे त्यावर शंभर टक्के विश्वास ठेवू नका, पण नवीन माणूस 750 चे साडेआठशे-नऊशे मीटर सहज करतो हे मी पुष्कळदा पाहिलंय. तळाला काळी रेघ नसते, भिंत नसते, एक हात दुसऱ्यापेक्षा जोरात ओढतो आणि माणूस बोयाकडे (वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेला मोठा फुगा) न जाता केळीच्या आकारात फिरून येतो. जादा 140 मीटर तुमच्याच पूलच्या स्पीडने पोहायला सव्वातीन मिनिटं लागतात. कयाक धरून थांबलात ती दोन मिनिटं म्हणा. म्हणजे साडेसहापैकी सव्वापाच मिनिटं इथंच संपली, उरला ब्रेस्टस्ट्रोकचा थोडा घाटा. याचा अर्थ जे अंतर तुम्ही खरंच कापलंत ते जवळजवळ पूलच्याच वेगाने कापलंत! तुमचा स्टॅमिना कमी पडलेला नाही. दिशा चुकली आणि सुरुवात चुकली. या दोन गोष्टी पूलमध्ये रोज 40 फेऱ्या मारून सुधारत नाहीत.

सुरुवातीला काय होतं ते सांगते. भोंगा वाजतो, अंगात आधीच अ‍ॅड्रेनलिन भरलेलं असतं, आजूबाजूला हातपाय लागतात आणि आपण पहिले 100 मीटर आपल्याला कधीच न झेपणाऱ्या स्पीडने मारतो. वर घाबरून पाण्यात श्वास सोडायचाच राहतो, सगळं लक्ष आत घेण्यावर. गुदमरल्यासारखं जे वाटतं ते बहुतेक वेळा ऑक्सिजन संपल्यामुळे नसतं, आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर न गेल्यामुळे असतं. म्हणून अशा वेळी अजून मोठा श्वास घ्यायला जाल तर अजून कोंडतं. उपाय उलटा आहे, तोंड पाण्यात असताना सगळा श्वास बुडबुड्यांतून सोडायचा, अगदी गुणगुणल्यासारखा आवाज करत, मग आत घेणं आपोआप होतं. पाणी गार असेल तर त्यात आणखी भर, गार पाणी अंगाला लागताच शरीर न विचारता धाप टाकायला लागतं, पण ते साधारण दीड-दोन मिनिटांत ओसरतं. म्हणून रेसच्या आधी परवानगी असेल तर पाण्यात पाच-दहा मिनिटं उतरा, तोंड बुडवा, थोडं पोहा, म्हणजे धापेचा भाग रेस सुरू व्हायच्या आत उरकतो. उतरू देत नसतील तर निदान चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी मारा, वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी सूट) घातला असेल तर गळ्यातून थोडं आत सोडा.

आणि उभं कुठं राहायचं? पार मागे आणि कडेला. भोंगा वाजला की दहापर्यंत मोजा, पुढच्यांना जाऊ द्या, मग निघा. दहा सेकंद जातात, पण त्या बदल्यात लाथा खायच्या वाचतात. ब्रेस्टस्ट्रोक मारला, कयाक धरली याची लाज अजिबात वाटून घेऊ नका. कुठलाही स्ट्रोक चालतो, कयाक किंवा बोया धरून थांबलेलंही चालतं, फक्त त्याच्या आधाराने पुढं सरकायचं नाही. तुम्ही थांबलात ते शहाणपण केलंत.

आता दिशा. दर सहा ते दहा स्ट्रोकला डोळे मगरीसारखे पाण्याच्या जेमतेम वर काढायचे, बोया कुठंय ते बघायचं, मग श्वास बाजूला वळून घ्यायचा. सगळं डोकं वर काढलंत तर कंबर बुडते आणि ब्रेक लागतो. पूलमध्ये याची प्रॅक्टिस अशी करा: लेन मोकळी असेल तेव्हा तोंड पाण्यात असताना डोळे मिटून पोहा, फक्त बघायच्या वेळी उघडा. पहिल्याच दिवशी कळेल तुम्ही डावीकडं जाता की उजवीकडं. मी स्वतः उजवीकडं जाते, बारा वर्षांत सुधारले नाही, म्हणून बोयाच्या थोडं डावीकडं नेम धरते. शिवाय एक-दोन मित्रांना घेऊन तिघं एकाच लेनमध्ये खेटून पोहा, धक्के खा, भिंतीला हात न लावता वळा. आणि रेसच्या आधी तीन-चार वेळा तरी उघड्या पाण्यात उतरा, पण एकटं कधीही नाही, सोबत कुणीतरी आणि कमरेला चमकदार रंगाचा फुगा हवाच.

इथंच एक गंभीर गोष्ट. या खेळातले सगळ्यात जास्त जीवघेणे प्रसंग पोहण्यात होतात, आणि त्यात हृदयाचा भाग मोठा असतो. तुमचं वय तुम्ही सांगितलेलं नाही, त्यामुळे चाळिशी ओलांडलेली असेल, घरात हृदयविकार असेल, किंवा त्या दिवशी छातीत दुखलं, दाबल्यासारखं झालं, चक्कर आली असेल तर माझं वरचं सगळं ज्ञान बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडं जा. पोहताना किंवा बाहेर आल्यावर खोकल्यातून गुलाबीसर फेस पडला असेल तरीही तेच. त्याला पॅनिक म्हणून सोडून द्यायचं नाही.

सायकल. तुम्ही लिहिलंय "सायकल सगळ्यात भारी झाली". माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथंच झाली, आणि ती का झाली तेही दिसतंय. पाण्यातून उशिरा बाहेर आलात, रॅकवर मोजक्याच सायकली उरलेल्या, लाज वाटली, आता भरून काढतो म्हणून निघालात. एरवी 26, त्या दिवशी 30. ऐकायला चारच किमीचा फरक वाटतो. पण सपाट रस्त्यावर सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. 26 वरून 30 म्हणजे त्या कामाला साधारण दीडपट ताकद. दीडपट, तेही 40 मिनिटं, तेही पाण्यात आधीच घाबरून दमलेल्या शरीराने. रस्त्याला चढ किंवा मागून वारा असेल तर गणित थोडं बदलेल, पण दिशा तीच राहील. अन सायकलची गंमत अशी की ती हिशोब लगेच मागत नाही. पाय फिरत राहतात, वारा लागतो, छान वाटतं, आणि बिल येतं धावण्याच्या दुसऱ्या किलोमीटरला.

तुमचे धावण्याचे किलोमीटर बघा ना: पहिला 5:10, मग 8:00, 9:40, 10:10, 10:00. तुम्ही 28 मिनिटांत 5 किमी पळता म्हणजे ताज्या पायांनी तुमचा किलोमीटर 5:36 चा. दमलेल्या पायांनी पहिलाच किलोमीटर तुम्ही ताज्यापेक्षाही 26 सेकंद जोरात पळालात! आणि मला खात्री आहे त्या वेळी तुम्हाला वाटत होतं की मी रखडतोय, पाय लाकडाचे झालेत. हे सगळ्यांचं होतं. 40 मिनिटं 30 च्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना धावण्याचा वेग रांगल्यासारखा वाटतो, आणि पाय मात्र अजून सायकलच्याच तालात भराभर फिरत असतात. त्यात सायकलवरचा वारा अचानक बंद होतो, म्हणजे अंग गार व्हायचं थांबतं आणि आतून तापायला लागतं. ऊन असेल तर हे फार लवकर होतं. मोठ्या मोठ्यांचं होतं हे, 2016 मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या शर्यतीत ब्रिटनचा ट्रायथलीट जॉनी ब्राउनली सगळ्यात पुढे होता, शेवटचे काहीशे मीटर राहिले असताना उन्हाने असा झोकांड्या खायला लागला की भाऊ अ‍ॅलिस्टरने त्याला धरून रेषेपर्यंत आणलं. तोवर दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन पुढं निघून जिंकला. ऑलिंपिक पदकवाल्याचा अंदाज चुकतो तिथं आपण कोण.

मग करायचं काय? सायकल पहिली पाच-सात मिनिटं मुद्दाम हळू. श्वास जाग्यावर येऊ द्या, दोन घोट पाणी प्या. तुम्ही म्हणालात की हँडलवरून हात सुटत नाही म्हणून बाटलीला हातच लावला नाही, तर ही प्रॅक्टिस रिकाम्या रस्त्यावर करायची, आणि मला विचाराल तर महागडी चाकं घ्यायच्या आधी करायची. मधला टप्पा अशा जोराने की शेजारच्याशी तुटक तुटक तीन-चार शब्द बोलता येतील. हलका गिअर ठेवून मिनिटाला 80-90 फेरे पडतील असे पाय फिरवा, जड गिअर दाबत बसू नका, मांड्या धावायला लागणारेत. शेवटच्या एक-दोन किमीला आणखी हलका गिअर. 26 ऐवजी 27-28 आली तरी पुष्कळ झालं.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलंत, तर दोन तासांच्या आतल्या रेसला फार बाऊ करू नका. तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्ज एवढं साधारण धरतात, म्हणजे सायकलवर एखादं-दोन जेल (पुडीतला गोड, घट्ट पाक) पाण्यासोबत किंवा बाटलीतच एनर्जी ड्रिंक. जे सरावात पोटाला मानवलंय तेच, नवीन काही त्या दिवशी नाही. पाणी तहानेप्रमाणे. भीतीपोटी लिटरच्या लिटर ढोसणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम खाली जातं.

धावण्याचा पहिला किलोमीटर घड्याळ बघून पळा, मनाचं ऐकून नको. 6:20 ठरवा आणि 6:20 लाच पळा, म्हातारीसुद्धा पुढे गेली तरी जाऊ द्या (मीच जाईन कदाचित). दोन किमीनंतर पाय आपले वाटायला लागतात, तेव्हा वाढवा.

याचा सराव म्हणजे ब्रिक, सायकलवरून उतरून लगेच धावणं. आठवड्यातून एकदा पुरे. 40-50 मिनिटं सायकल, त्यातली शेवटची दहा रेसच्या जोराने, पाच मिनिटांच्या आत बूट बदलून 10 ते 15 मिनिटं धावणं. लांब धावायची गरज नाही, शरीराला फक्त तो बदल ओळखीचा करायचाय. माझ्याकडच्या लोकांचे पहिल्या ब्रिकला पाय लटपटतात, चौथ्या-पाचव्याला ते गप्पा मारत पळतात.

ट्रान्झिशनची तुमची 10 मिनिटं बघून मला माझी पहिली रेस आठवली. ओल्या अंगावर टीशर्ट चढवत होते, तो पाठीवर गुंडाळला गेला, मग मोजे, मग हातमोजे, मग सायकल कुठल्या रांगेत ठेवलीय तेच आठवेना. सापडली तेव्हा घाईत हेल्मेटचा पट्टा न लावता रॅकवरून उचलली आणि ऑफिशियलने जागीच थांबवलं, सायकल परत ठेवा, पट्टा लावा, मग उचला. नियमच आहे तो, सायकलला हात लावायच्या आधी पट्टा लागलेला हवा आणि परत रॅकवर ठेवेपर्यंत काढायचा नाही. तर कपडे एकच, पोहण्यापासून धावण्यापर्यंत तोच ट्रायसूट (तिन्ही प्रकारांना चालणारा अंगाला घट्ट बसणारा सूट). नंबर पट्ट्यावर, सायकलवर मागे, धावताना पुढे फिरवायचा. बुटांना इलॅस्टिकच्या लेस, आत थोडी पावडर. मान आणि काखेत व्हॅसलिन. सायकल रॅकवर ठेवतानाच हलक्या गिअरमध्ये. सकाळी एकदा पाण्यापासून सायकलपर्यंत आणि तिथून बाहेरच्या गेटपर्यंत चालत जाऊन एखादी न हलणारी खूण धरून ठेवा, शेजारच्याची लाल बॅग ही खूण नव्हे, तो घेऊन जातो ती. पाण्यातून उठल्यावर गरगरतं कारण आडवं शरीर एकदम उभं होतं, म्हणून शेवटच्या 50 मीटरला पाय थोडे जास्त हलवा, मग उभं राहा आणि लगेच पळू नका. घराच्या अंगणात वा पार्किंगमध्ये दहा वेळा हे नाटक करून बघितलंत तर 10 ची 5 मिनिटं होतात.

तीन महिन्यांचं म्हणाल तर रोज पोहणं नको. नोकरी-घर सांभाळून आठवड्याला पाच-सहा तास मिळत असतील असं धरते, कमी-जास्त असेल तर त्या हिशोबाने बदला. दोनदा पोहणं, त्यातलं एक शक्य तेव्हा उघड्या पाण्यात. दोनदा सायकल, त्यातली एक ब्रिकसकट. दोनदा धावणं, आणि एक पूर्ण सुट्टी. तीन आठवडे वाढवत न्या, चौथा हलका, शेवटचा आठवडा निम्म्यावर आणा. कोच लावणार असाल तर त्याला "मला स्पीड द्या" म्हणू नका, "मला श्वास सोडायला आणि सरळ पोहायला शिकवा" म्हणा, महिनाभरात काम होईल.

याच फिटनेसवर, मुद्दाम सांगते, याच फिटनेसवर तुमचं पोहणं 19-20, पहिली ट्रान्झिशन 3, सायकल 43-44, दुसरी 2 आणि धावणं 31-32 मिनिटांत यायला हरकत नाही. बेरीज करून बघा, 1 तास 40 च्या आसपास येते. पाणी खवळलेलं असेल, ऊन असेल, चढ असतील तर नाही येणार, तो भाग आपल्या हातात नाही.

राहिला ऑलिंपिक अंतराचा प्रश्न. ते 1.5 किमी, 40 किमी आणि 10 किमी, म्हणजे तुमच्या स्प्रिंटच्या बरोब्बर दुप्पट. आत्ताची रेस दुप्पट केली तर 5 किमी चालण्याचे 10 किमी चालणं होईल आणि तुम्ही सायकल विकायला काढाल. काही जणांना मी थेट ऑलिंपिकला पाठवलंयही, पण ते आधीपासून नदीत-समुद्रात पोहणारे होते किंवा हाफ मॅरेथॉन पळणारे. तुम्ही अजून एक स्प्रिंट करा. तिचा निकाल लागला की एकूण वेळ आणि नंबर नका सांगू मला, धावण्याचा पहिला आणि शेवटचा किलोमीटर तेवढा सांगा. शेवटचा पहिल्यापेक्षा जोरात असेल तर त्याच दिवशी ऑलिंपिकचं नाव नोंदवून टाका.